चवथीच्या तोंडावर लॉगिन बंद, पेमेंट अर्धवट: दर रिलीजला परत येणाऱ्या बिघाडाचा माग

गोव्यात फोंड्यातल्या एका दुकानाचं छोटं ॲप मी सांभाळतो. वर्षभर त्यावर काजू, सोलं, पापड असलं काहीबाही विकलं जातं, आणि चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचं सामान. कांगलां, घागऱ्या, कवंडळं, सुपारीची शिपटी. रानात जायला ज्यांना सवड नाही, किंवा ज्यांच्या घरामागे आता रानच उरलेलं नाही, ते सगळा संच घरपोच मागवतात. एरवी दिवसाला पंधरा-वीस ऑर्डरी आणि चवथीच्या आठवड्यात एकदम शेकड्यांनी. त्यामुळे बारीकसारीक बिघाड एरवी कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि नको त्या आठवड्यात सगळे मिळून वर येतात. त्यात मी शहाणा, नवं रिलीजही हमखास त्याच सुमाराला टाकायचो.

सलग तीन वर्षं तक्रारी त्याच: गूगलने लॉगिन होत नाही, ओटीपी येत नाही, आणि दुकानमालकांचा रात्री साडेनऊचा फोन, "ती बाय म्हणटा पयशे गेले, ऑर्डर खंय मरे?" दर वर्षी मी काहीतरी ठोकठाक करायचो, गाडी चालू व्हायची, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. यंदा गणपती शिरवल्यावर, म्हणजे विसर्जनानंतर, तिन्ही वर्षांचे लॉग घेऊन बसलो, तेव्हा कुठे मूळ सापडलं. आमची बहुतेक गिऱ्हाइकं अँड्रॉइडवाली, म्हणून भर त्यावरच आहे.

ॲप आलं कुठून, ते आधी विचारा

लॉगिनची तक्रार आली की आपला हात आधी कोडकडे जातो. तो आवरा. गिऱ्हाइकाला विचारा की ॲप प्ले स्टोअरवरून घेतलंय की कुणी व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे ॲपची फाइल, पाठवली. स्वतःलाही विचारा की तुमच्या हातातल्या फोनवर जे "मस्त चालतंय" ते केबल लावून टाकलेलं आहे का.

कारण ॲप दिसायला एक असलं तरी त्यावरच्या सह्या, म्हणजे ते कुणी बनवलं हे सांगणाऱ्या डिजिटल खुणा, वेगवेगळ्या असतात. तुम्ही अँड्रॉइड स्टुडिओतून, म्हणजे ॲप लिहायच्या साधनातून, रन दाबता तेव्हा ॲपवर डीबग कीची (चाचणीपुरत्या किल्लीची) सही होते, आणि ही की प्रत्येक लॅपटॉपवर आपोआप वेगळी तयार होते. स्टोअरवर चढवताना तुम्ही अपलोड कीने सही करता. पण प्ले ॲप सायनिंग चालू असेल तर गूगल ती सही बाजूला ठेवून आपल्याकडच्या तिसऱ्याच कीने ॲप पुन्हा सही करतं. ऑगस्ट २०२१ पासून नव्या ॲपला बंडलच (ज्यातून गूगल स्वतः एपीके बनवतं ती फाइल) द्यावा लागतो, म्हणजे ही तिसरी सही नव्या सगळ्या ॲपना लागूच. गूगल लॉगिन पॅकेजचं नाव आणि सहीचा एसएचए-१ ठसा (सहीवरून काढलेला ओळखक्रमांक) अशी जोडी तपासतं. माझ्या फायरबेस (लॉगिन वगैरे सांभाळणारी गूगलची सेवा) प्रोजेक्टमध्ये ठसा होता फक्त माझ्या लॅपटॉपचा. मग माझ्या फोनवर चालणार नाही तर काय! स्टोअरवरून घेतलेल्या प्रत्येकाला मात्र कोड १०, डेव्हलपर एरर. नाव अगदी नेमकं आहे; चूक डेव्हलपरचीच असते. लॉगिनच्या नव्या पद्धतीत, क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, संदेशाचा मजकूर वेगळा दिसतो, दुखणं तेच.

उपाय दहा मिनिटांचा आहे. प्ले कन्सोलमध्ये ॲप सायनिंगच्या पानावर दोन ठसे मिळतात, ॲप सायनिंग कीचा आणि अपलोड कीचा. डीबगचा ठसा ग्रेडलच्या (ॲप बांधणाऱ्या साधनाच्या) सायनिंग रिपोर्टमधून काढा. तिन्ही प्रोजेक्टमध्ये घाला. आणखी एक जागा तपासा: गूगलकडे आयडी टोकन (माणसाची ओळख पटवणारा दाखला) मागताना कोडमध्ये वेब क्लायंटचा आयडी द्यायचा असतो, अँड्रॉइड क्लायंटचा नाही. नावावरून उलटंच वाटतं, आणि तिथे चुकलात तरी तोच कोड १० येतो. ठसे बरोबर असूनही एरर जात नसेल तर बहुतेक वेळा भानगड इथे असते.

मग दर वर्षी हे परत का यायचं? एका वर्षी मी लॅपटॉप फॉरमॅट केला. दुसऱ्या वर्षी मदतीला एक मुलगा घेतला, त्याच्या मशीनवर की वेगळी. त्याने आपला ठसा घालताना "जुना कसला तरी" म्हणून स्टोअरवाला काढून टाकला. आता आम्ही डीबग कीची फाइल कोडबरोबर रिपॉझिटरीतच ठेवतो. तिचा पासवर्ड जगजाहीर आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. अपलोड की मात्र चुकूनही तिथे ठेवू नका.

जाता जाता: इंटर्नल ॲप शेअरिंगच्या लिंकवरून टाकलेल्या ॲपवर चौथीच सही असते. तपासणीसाठी इंटर्नल टेस्टिंग ट्रॅक वापरा, त्यावर स्टोअरचीच सही मिळते. दोन्ही नावं इतकी सारखी कुणी ठेवली देव जाणे.

ओटीपी बंद पाडला तो मीच

ओटीपीची गोष्ट याच सहीतून फुटलेली फांदी आहे, आणि ती कळायला मला दोन वर्षं लागली.

ओटीपी आपोआप भरला जावा म्हणून आम्ही एसएमएस रिट्रीव्हर वापरतो. त्यासाठी एसएमएसच्या शेवटी अकरा अक्षरांचा हॅश, म्हणजे ॲपची ओळखखूण, लागतो. तो हॅश पॅकेजच्या नावावरून आणि सहीच्या सर्टिफिकेटवरून निघतो. सही बदलली की हॅश बदलला. आमच्या मेसेजमध्ये माझ्या लॅपटॉपचा हॅश होता, म्हणून स्टोअरवाल्या ॲपमध्ये ओटीपी यायचा पण आपोआप भरला जायचा नाही. लोक हाताने टाकायचे, कुणी तक्रारही करत नव्हतं. मला ते बघवेना. चवथीच्या चार दिवस आधी मी सर्व्हरवर हॅश बदलून नीट केला, आणि त्या संध्याकाळपासून ओटीपी कुणालाच येईना.

झालं असं की ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमांनंतर आपल्याकडे कंपनीच्या नावाने जाणाऱ्या प्रत्येक एसएमएसचा साचा डीएलटीवर (ऑपरेटरांच्या नोंदणी यंत्रणेवर) आधी मंजूर करून घ्यावा लागतो. पाठवलेला मजकूर त्या साच्याशी जुळला नाही तर ऑपरेटर तो वाटेतच टाकून देतो. आमच्या मंजूर साच्यात जुना हॅश जसाच्या तसा, न बदलणारा मजकूर म्हणून लिहिलेला होता. मी अकरा अक्षरं बदलली आणि मेसेज साच्याबाहेर गेला. स्वल्पविराम बदलला असता तरी हेच झालं असतं.

यातली फसवी गोष्ट म्हणजे एसएमएस देणाऱ्याच्या डॅशबोर्डवर सगळं "सेंट" दिसत होतं. सेंट म्हणजे त्यांनी पुढे ढकलला, एवढंच. बघायचा असतो डिलिव्हरी रिपोर्ट, आणि त्यातलं नाकारण्याचं कारण. मी पहिले तीन तास आमचाच सर्व्हर पुन्हा पुन्हा चालू-बंद करत बसलो होतो.

आता साच्यात हॅशच्या जागी बदलता शब्द ठेवला आहे. अशा एका जागेत हॅशची अकरा अक्षरं सहज मावतात. डीबगसाठी एक, स्टोअरसाठी एक, सर्व्हर ठरवतो. नवा साचा मंजूर व्हायला किती वेळ लागेल ते आपल्या हातात नसतं, तेव्हा हे काम सणाच्या आठवड्यावर ढकलू नका.

आमच्या भागात ओटीपीचा आणखी एक कायमचा प्रश्न आहे, तो म्हणजे तारवटी, बोटीवर काम करणारे. मुलगा बोटीवर, फोनमध्ये वायफाय आहे पण भारतातलं सिम बंद पडलेलं. घरच्यांसाठी माटोळी मात्र तोच मागवणार, कारण पैसे त्याच्याकडे. दुबईत किंवा लंडनला असलेल्यांचंही तेच. परदेशी नंबरवर देशातल्या मार्गाने एसएमएस जात नाही, त्याला वेगळी सोय आणि वेगळा दर. आम्ही सरळ ईमेल आणि गूगल लॉगिन हे दार उघडं ठेवलं. पैशांच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. परदेशी कार्डं गेटवेकडे (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपनीकडे) वेगळी मागून चालू करून घ्यावी लागतात, आपोआप चालत नाहीत. आणि २०२३ पासून काही देशांतल्या मोबाइल नंबरवर एनआरई-एनआरओ (परदेशस्थ भारतीयांच्या) खात्यातून यूपीआय वापरायला मुभा आहे, त्यांत अमिराती, ओमान, कतार, ब्रिटन आहेत. म्हणजे फोन नंबरच्या रकान्यात "दहाच आकडे" अशी सक्ती घालून ठेवली असेल तर ती आधी काढा. आमच्यात होती.

पैसे गेले, ऑर्डर नाही

आता मुख्य दुखणं. सावईवेऱ्याच्या एका बाईंची एकच ऑर्डर सांगतो, तिच्यात सगळं आलं.

संध्याकाळी ७:४२ ला त्यांनी पैसे द्यायचं बटण दाबलं. आमच्या ॲपने यूपीआय ॲप उघडलं. फोन जुना, रॅम कमी, त्यामुळे मागे गेलेलं आमचं ॲप अँड्रॉइडने मारून टाकलं. जागा कमी पडली की तो तसं करतोच. बँकेकडून उत्तर यायला वेळ लागला, त्यातच घरी कुणी आलं असणार, कारण त्या परत आल्या ७:५५ ला. पैसे कापले गेले होते. आमचं ॲप मात्र नव्याने उघडलं, आपण काय करत होतो हे विसरून. थोडा उशीर झाला एवढंच समजून त्यांनी ऑर्डरींची यादी उघडली. आमचं लॉगिन टोकन, म्हणजे आत असल्याचा पास, दहा मिनिटांचं, ते मधल्या वेळात संपलेलं. सर्व्हरने ४०१, म्हणजे 'ओळख पटली नाही', दिला. आणि ४०१ आला की सरळ लॉगआउट करायचं असा कोड मीच कधीतरी घाईत लिहिला होता.

म्हणजे त्यांच्या बाजूने बघा: पैसे घेतले आणि वर घराबाहेर काढलं.

त्यांनी पुन्हा लॉगिन केलं, पण या वेळी फोन नंबरऐवजी गूगलचं बटण दाबलं. आमच्याकडे दोन्हींची खाती वेगळी. नवं खातं, कोरी यादी. बाईंनी काय केलं? पुन्हा ऑर्डर केली, पुन्हा पैसे भरले.

हे मी पेमेंटचा बिघाड म्हणून शोधत होतो. गेटवेच्या बाजूला सगळं चोख होतं. "पैसे गेले, ऑर्डर दिसत नाही" या आमच्या तक्रारींतल्या बऱ्याचशा मुळात लॉगिनच्या निघाल्या. ऑर्डर होती, दुसऱ्याच खात्यात. तेव्हा अशी तक्रार आली की आधी त्या माणसाची डेटाबेसमध्ये किती खाती आहेत ते बघा.

काय काय बदललं ते सांगतो. यूपीआय ॲप उघडायच्या आधीच ऑर्डरचा क्रमांक फोनमध्ये साठवतो. ॲप मेलं तरी पुन्हा उघडल्यावर पहिलं काम म्हणजे त्या क्रमांकाचं काय झालं ते सर्व्हरला विचारणं. ४०१ आला तर रिफ्रेश टोकनने (जास्त मुदतीच्या दुसऱ्या टोकनने) गुपचूप नवं टोकन घेऊन तीच विनंती पुन्हा करतो, तेही फसलं तरच लॉगआउट. ईमेल किंवा नंबर पडताळून झाला की तो दुसऱ्या खात्यात आहे का ते बघून "हेही तुमचंच खातं का?" असं विचारतो. न पडताळता खाती जोडू नका हं, नाहीतर दुसऱ्याच्या ऑर्डरी कुणाच्याही हातात जातील.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे पैसे मिळाले की नाही हे ॲपने ठरवायचंच नाही. यूपीआय ॲप परतताना जे उत्तर देतं ते फक्त पडद्यावर दाखवण्यापुरतं. खरं काय ते गेटवे आपल्या सर्व्हरला वेबहुकने, म्हणजे आपोआप पाठवलेल्या निरोपाने, कळवतो, किंवा आपण त्याला विचारायचं.

आमचा वेबहुक तर पहिली दोन वर्षं टेस्ट मोडमध्येच लावलेला होता. लाइव्ह मोडचा पत्ता रिकामा! टेस्ट आणि लाइव्हच्या किल्ल्या वेगळ्या असतात हे सगळ्यांना माहीत असतं, वेबहुकही वेगळा लावायचा असतो हे विसरतात.

तो लावला तर सही जुळेना. गेटवे वेबहुकबरोबर एचमॅक सही (निरोप खरा असल्याची खूण) पाठवतो, आणि ती आलेल्या मूळ मजकुरावर, अक्षर न् अक्षर तशाच ठेवलेल्या, काढायची असते. आमचा फ्रेमवर्क मजकूर आधी जेसनमध्ये उलगडत होता, मी तो परत स्ट्रिंग करून तपासत होतो. मधली एक मोकळी जागा गेली तरी सही चुकते. वेबहुकच्या मार्गापुरता मूळ मजकूर राखून ठेवला, जुळली.

मग तोच वेबहुक दोनदा आला आणि दुकानात दोन माटोळ्या बांधून तयार. गेटवेला आपलं उत्तर वेळेत मिळालं नाही तर तो पुन्हा पाठवतो, त्यात त्याची चूक काही नाही. पेमेंटच्या आयडीवर डेटाबेसमध्ये युनिक बंधन घाला, आणि वेबहुक आला की नोंद करून लगेच २०० ('मिळालं') द्या. बिलं, एसएमएस वगैरे मागाहून. एक बारकावा आणखी: गिऱ्हाइकाचा पहिला प्रयत्न फसतो, दुसरा यशस्वी होतो, आणि पहिल्याचा "फेल्ड" निरोप उशिरा येऊन "पेड" झालेल्या ऑर्डरीवर बसतो. पेड झालेली ऑर्डर मागे जाऊ देऊ नका.

निरोपच आला नाही, स्थिती पेंडिंग आहे, तर पडद्यावर "अयशस्वी" लिहू नका. तो शब्द वाचला की माणूस पुन्हा पैसे भरतो. आम्ही "बँकेकडून खात्री होतेय, पुन्हा पैसे भरू नका" असं लिहितो. चोर्ला घाटात रेंज गेलेल्या माणसाला, किंवा पावसात वीज गेल्यामुळे टॉवर बंद पडलेल्या वाळपईच्या घराला एवढंच हवं असतं. आणि नेटवर्क तुटून पुन्हा प्रयत्न करताना नवा ऑर्डर क्रमांक काढू नका, जुनाच वापरा.

गिऱ्हाइकाला काय सांगायचं तेही ठरवून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयने पैसे कापले पण दुकानदाराकडे खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत, पुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. पण पैसे तुमच्या गेटवेत जमा झालेले असतील आणि फक्त तुमच्या ॲपने ऑर्डर हरवली असेल, तर "पाच दिवस थांबा" म्हणणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं आहे. तो रिफंड तुम्हालाच द्यावा लागतो. सावईवेऱ्याच्या बाईंचे दुसऱ्यांदा भरलेले पैसे आम्ही त्याच रात्री परत सोडले, तरी माझ्या चुकीसाठी बोलणी खाल्ली ती दुकानमालकांनी.

किरकोळ पण छळणारं

यूपीआय ॲपांची यादी रिकामी दिसते? अँड्रॉइड ११ पासून आपल्या ॲपला दुसरी ॲपं दिसत नाहीत, मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या माहितीच्या फाइलीत) क्वेरीजखाली यूपीआयची स्कीम (ती ॲपं ज्या दुव्याने उघडतात त्याची सुरुवात) लिहावी लागते. आयफोनवर इन्फो प्लिस्टमध्ये प्रत्येक ॲपची स्कीम वेगळी द्यायची.

डीबगमध्ये पेमेंट होतं, रिलीजमध्ये पेमेंटचं पान यश दाखवून तिथेच थिजतं? आर८ ने (रिलीजचा आकार कमी करणाऱ्या साधनाने) गेटवेच्या एसडीकेतले (तयार कोडमधले) वर्ग "न वापरलेले" समजून कापले असणार. गेटवेच्या कागदपत्रात कीप नियम दिलेले असतात, तेवढे प्रोगार्डच्या फाइलीत टाका.

रक्कम एका पैशाने चुकते? ₹१९.९९ ला दशांशात १०० ने गुणलं की १९९९ येत नाहीत, १९९८.९९९ असं काहीतरी येतं, आणि पूर्णांक करताना उरलेलं कापलं की १९९८ पैसे. किमती पहिल्यापासून पैशांतच साठवा.

गूगल लॉगिन ॲपच्या आतल्या वेबव्ह्यूमध्ये, म्हणजे छोट्या ब्राउझरमध्ये, उघडत असाल तर ते सोडा. गूगलने ते २०१७ मध्येच बंद केलंय.

ॲपलच्या लॉगिनची एक खोड: नाव आणि ईमेल पहिल्याच वेळी मिळतात, नंतर नाव कधीच नाही. त्या पहिल्या वेळी तुमचा सर्व्हर झोपलेला असेल तर ते गिऱ्हाईक कायमचं निनावी. म्हणून मिळाल्या मिळाल्या आधी फोनमध्ये ठेवा, मग सर्व्हरला पाठवा. कुणी ईमेल लपवला तर ॲपलच्या रिले (मधल्या) पत्त्यावर पत्र जातं, पण तुमचा डोमेन ॲपलकडे नोंदवलेला असेल तरच. आमची बिलं बरेच दिवस अशीच हवेत विरत होती.

आता रिलीजआधी मी दुकानातला जुना फोन घेतो, त्यावर इंटर्नल टेस्टिंगवरून ॲप टाकतो, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये "डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज" (मागे गेलेला पडदा लगेच मारणारं बटण) चालू करतो आणि खऱ्या पैशांनी एक रुपयाची ऑर्डर करतो. एकदा सरळ. एकदा यूपीआयचा पिन टाकून झाल्या झाल्या एअरप्लेन मोड लावून. आणि एकदा पिनच्या पानावर फोन तसाच ठेवून, समोर चहा घेऊन, टोकन संपायची दहा मिनिटं पुरी होईपर्यंत. दुकानमालक विचारतात, काम चाललंय की चहा. पुढचं रिलीज चवथीच्या तीन आठवडे आधी जाईल, असं त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलंय.